गाडी बघणाऱ्या मॅडम

मॅडम शाळेच्या दिवशी बसमध्ये बसायच्या आणि सुटीच्या दिवशी बस बघायच्या. या दोन गोष्टी त्यांनी कधी एकमेकींत मिसळू दिल्या नाहीत. रविवारी कुणी सहज म्हणालं, "चला ना मॅडम, बसनंच जाऊ आष्टीला," की त्या समोरच्याकडं अशा बघायच्या, जणू त्यानं त्रिकोणाला चार बाजू असतात असं सांगितलंय.

"आत बसल्यावर बस दिसती का?" त्या विचारायच्या.

 आणि उत्तराची खरंच वाट बघायच्या.

बदनापूरच्या एका हायस्कूलमध्ये त्या गणित शिकवायच्या. मी तिथं नवीन लागले तेव्हा त्यांची पन्नाशी उलटली होती आणि त्यांच्या छंदाबद्दल बोलून बोलून स्टाफरूम थकली होती. मी नवी होते, म्हणून मला सगळं पहिल्यापासून सांगण्यात आलं. शनिवारी सकाळची शाळा सुटली की मॅडम फोन आणि त्याचा स्टँड घेऊन कुठल्यातरी फाट्यावर जातात. तिथं लाल गाडीची वाट बघतात. गाडी आली की तिचा व्हिडिओ काढतात आणि मग पुढच्या गाडीची वाट बघतात. रविवारी दिवसभर हेच.

"घरी काही त्रास आहे का त्यांना?" मी हळूच विचारलं.

"बिलकुल न्हाई," मराठीचे सर म्हणाले. "तेच तर कळून न्हाई राह्यलं."

पहिल्या आठवड्यातच मॅडमनी मला पटांगणात गाठलं. माझी स्कूटी त्यांनी चारी बाजूंनी बघितली.

"मागची गाडी बघताना आरशात बघतेस का मान वळवून?"

"आरशात."

"खड्डा दिसला तर?"

"हळू करते."

"पाठीमागं बसलेला माणूस अचानक थांब म्हणला तर का म्हणून विचारतेस का?"

मी गोंधळले. "नाही विचारणार," असं काहीतरी बोलले.

"शनिवारी डबा जास्तीचा आण," त्या म्हणाल्या आणि तासावर निघून गेल्या.

तोवर त्यांचे यजमान त्यांना मोटारसायकलवर घेऊन जायचे. त्यांचं जालन्यात बी-बियाण्यांचं दुकान होतं. मराठवाड्यातल्या फाट्याफाट्यांवर बसून त्यांची कंबर धरली आणि ते या कामातून निवृत्त झाले. रविवारी घरी पाहुणे आले की ते दार उघडून सांगायचे, "ह्या गाडी बघायला गेल्यात." कुणी देवळात गेल्यात म्हणावं, अगदी त्याच सुरात. मग स्वतः चहा टाकायचे.

रस्त्यावर मॅडमचा अवतार बघण्यासारखा असायचा. साडीवर यजमानांचा जुना पांढरा शर्ट, डोक्याला कानटोपीसारखा घट्ट बांधलेला रुमाल, एका हातात घडीचं स्टूल आणि दुसऱ्या हातात छत्री. छत्री स्वतःसाठी नव्हती, फोनसाठी होती. फोन तापला की ऐन वेळेला बंद पडतो, हे त्या भोगून शिकल्या होत्या. स्वतः उन्हात बसायच्या आणि फोनला सावली धरायच्या. जागाही साधीसुधी चालायची नाही. चढ पाहिजे, वळण पाहिजे, जिथं गाडीला गियर बदलावाच लागेल असं ठिकाण पाहिजे. गाडी दिसायच्या आधी त्यांना ऐकू यायची. "आली," म्हणायच्या. मला नुसता वारा ऐकू यायचा. थोड्या वेळानं खरंच टेकाडाआडून लाल कपाळ वर यायचं.

ड्रायव्हरनं हात केला किंवा हौसेनं हॉर्न वाजवला की त्या नाराज व्हायच्या. "लग्नात फोटो काढताना नवरदेव कसा ताठ होतो, तशी गाडी ताठ झाली बघ. गेला व्हिडिओ." मग त्याच गाडीसाठी पुढच्या आठवड्यात पुन्हा तिथंच, पण बाभळीमागं लपून.

एकदा मी त्यांच्या एका व्हिडिओला हौसेनं मागून बासरीचं संगीत लावलं. त्यांनी तो पूर्ण ऐकला आणि फोन मला परत दिला.

"सैपाक झाल्यावर वरून अत्तर शिंपडतेस का तू?"

मी संगीत काढून टाकलं.

मॅडम हे व्हिडिओ इंटरनेटवर टाकायच्या; ते बघणारे फार कुणी नव्हते. पण जे होते ते दूरचे होते. कुणी पुण्याला कंपनीत, कुणी आखातात. एकानं लिहिलं होतं, आमच्या गावच्या फाट्यावर गाडी थांबते तिथं एक कडुनिंब होता, अजून आहे का? मॅडम पुढच्याच रविवारी मला घेऊन परतूर तालुक्याच्या त्या टोकाला गेल्या. कडुनिंब होता. गाडी येईपर्यंत त्या झाडाकडं ढुंकूनही बघितलं नाही त्यांनी, पण व्हिडिओत झाड बराबर अर्ध्या चौकटीत घेतलं.

लोकांचा मात्र आमच्यावर विश्वास बसायचा नाही. आष्टीच्या बाजारच्या दिवशी आम्ही रस्त्याकडेला स्टँड लावला, तर एक म्हातारे आजोबा काठी टेकत आले. रस्ता रुंद करणारे सरकारी लोक आम्हीच, अशी त्यांची खात्री होती.

"माझं किती वावर जाईन?" त्यांनी थेट विचारलं.

"आजोबा, मी गाडी बघायला आले."

"गाडीत काय बघायचं? खरं सांगा."

मॅडमनी त्यांना स्टुलावर बसवलं आणि नुकताच काढलेला व्हिडिओ दाखवला. गाडी आली, थांबली, बायामाणसं उतरली, गाडी गेली. आजोबांनी फोन डोळ्यांजवळ नेला.

"ही तर आमची मालन उतरून राह्यली! परत दाखवा." त्यांनी तो पुन्हा बघितला, मग आणखी एकदा. "पिशवी कशी छातीशी धरून उतरती बघा. पडन की काय असं वाटतं." बायकोला त्यांनी रोज बघितलं असेल, पण गाडीतून उतरताना कधी बघितलं नव्हतं. वावराचा विषय ते विसरूनच गेले.

हे वेड कुठून लागलं, असं मी एकदा विचारलं. मला वाटलं होतं, वडील ड्रायव्हर असतील किंवा लहानपणीची एखादी आठवण असेल.

"तुला चहा का आवडतो?"

"आवडतो. त्याला काय कारण?"

"मंग?" असं म्हणून त्यांनी धपाट्याचा तुकडा मोडला.

मी ज्यासाठी हे लिहायला बसले, ती गोष्ट लिंबखेड्याच्या गाडीची.

लिंबखेडा हे जाफराबादच्या पुढचं, नदीपलीकडचं गाव. संध्याकाळी एक गाडी तिथं मुक्कामाला जायची आणि सकाळी परत निघून जालन्याला यायची. मध्ये नदीवर बसका पूल होता, कठडे नसलेला. पाऊस झाला की नदी भरते, पाणी संथ होतं आणि पुलावरून जाणारी लाल गाडी खाली पाण्यात उलटी दिसते, असं मॅडमना कुणीतरी सांगितलं होतं. आदल्या वर्षी आम्ही गेलो तर नदीत नुसती वाळू आणि म्हशी. त्या वर्षी सप्टेंबरात मात्र पावसानं ताळच सोडला. काही दिवस पुलावरून पाणी वाहत होतं. एका शनिवारी दुपारी पाणी उतरलं, संध्याकाळी गाडी पलीकडं मुक्कामाला गेली आणि रात्री वरच्या अंगाला पुन्हा पाऊस झाला.

रविवारी सकाळी आम्ही पोचलो तेव्हा आभाळ निवळलं होतं. पूल ओला होता, चिखलानं माखलेला, पण उघडा होता. पाणी खूप खाली गेलं होतं. आम्ही अलीकडं स्कूटी लावली आणि काठानं खाली उतरलो, कारण पाण्यातली गाडी खालूनच दिसणार होती. मॅडमनी स्टँड रोवला, फोन लावला आणि पुलाच्या मधल्या भागावर नेम धरला. पलीकडून गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. गावातून निघून नदीवर यायला तिला थोडा वेळ लागणार होता.

मॅडमनी फोनमधली चौकट मोठी केली. आणखी मोठी केली. मग मला जवळ ओढलं.

"मधल्या खांबाखाली बघ. काय दिसून राह्यलं?"

"पाणी."

"बाजूला न्हाई गं. खाली. खांबाच्या बुडाला."

मी बघितलं. खांब जिथं जमिनीत असायला हवा होता तिथं आरपार उजेड होता. खालची माती आणि दगड वाहून गेले होते. खांब पुलाला धरून उभा होता की पूल खांबाला, ते कळत नव्हतं. वरून रस्त्यावरून यातलं काहीच दिसलं नसतं.

मॅडमनी पदर खोचला. "तू वर जा, स्कूटी आडवी लाव. इकडून कुणाला येऊ देऊ नको."

"आणि तुम्ही?"

"गाडी पलीकडून येऊन राह्यली."

"मॅडम, फोन करू ना कुणाला तरी!"

"कुणाला करतेस? गाडीला?"

त्या वर चढल्या आणि पुलावर पाय टाकला. मी ओरडले, "मॅडम, नका जाऊ!" त्यांनी मागं बघितलं नाही. जाड शरीर, ओला चिखल, हातात चपला. पळत नव्हत्या, पण मधे थांबतही नव्हत्या. मधल्या खांबावर आल्या तेव्हा मी डोळे मिटले, हे मला आठवतं. उघडले तेव्हा त्या पलीकडं रस्त्याच्या मधोमध उभ्या होत्या, हात पसरून, आणि समोरून गाडी येत होती.

नदी अरुंद होती. पलीकडचं बोलणं मला बऱ्यापैकी ऐकू येत होतं. राहिलेलं मॅडमनी नंतर सांगितलं.

गाडी करकचून थांबली. ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "ताई, बाजूला व्हा!"

"दादा, खांबाखालची माती गेली. उतरून बघा, मंग जा."

"काल सांजच्याला ह्याच पुलावरून गेल्तो मी."

"काल गेल्ते. रात्री पाणी आलं."

तेवढ्यात मागच्या खिडकीतून कुणीतरी ओळखलं. "अरे, ही ती व्हिडिओवाली बाई! मागच्या साली पण आल्ती. व्हिडिओ काढाया गाडी थांबवून राह्यली."

झालं. सगळी गाडी हसली आणि मग चिडली. तिथं मॅडमच्या जागी दुसरं कुणीही असतं तर लोक निदान खाली उतरून बघायला गेले असते. पण बस बघायला येणारी बाई. तिचं काय ऐकायचं? ड्रायव्हरनं हॉर्नवर हात ठेवला तो उचललाच नाही.

गाडीतून एक मुलगी उतरून पुढं आली. कोमल तिचं नाव. पाठीला सॅक होती, हातात प्लास्टिकच्या पिशवीत हॉलतिकीट. जालन्याला तिची नोकरीची लेखी परीक्षा होती.

"मॅडम, पाया पडते तुमच्या," ती म्हणाली. तिचा आवाज रडवेला नव्हता, संतापलेला होता. "लई अभ्यास केलाय मी. तुमच्या व्हिडिओपायी माझा पेपर घालवू नका."

मॅडम पुढं मला म्हणाल्या की पुलावरून चालताना नाही, त्या वाक्याला त्या घाबरल्या. त्या खाली बसल्या. रस्त्यावर, चिखलात, गाडीच्या पुढच्या चाकासमोर मांडी घालून.

"तुझा पेपर घालवणार न्हाई मी," त्या कोमलला म्हणाल्या. "पण ही गाडी ह्या पुलावर जाणार न्हाई. दादा, तुम्ही बघून या. तुम्ही 'गाडी जाते' म्हणालात तर मी उठते. मी काही बोलणार न्हाई."

ड्रायव्हरनं हॉर्नवरचा हात काढला. मग इंजिन बंद केलं, उतरला आणि तणतणत काठानं खाली गेला. मला तो अलीकडून दिसत होता. आधी उभा राहिला. मग वाकला. मग अगदी गुडघ्यांवर बसून त्यानं पुलाखाली बघितलं. वर आला तेव्हा त्याची चाल बदलली होती.

"उतरा सगळे," तो प्रवाशांना म्हणाला. "गाडी माघारी न्यायची."

हसणं थांबलं होतं.  मॅडम उठल्या, साडीचा चिखल झटकायचा प्रयत्न केला आणि कोमलला म्हणाल्या, "भीती वाटती का?"

"वाटती."

"मला पण. माझ्या मागं, कडेकडेनं चल. खाली बघू नको."

दोघी पूल चालत अलीकडं आल्या. ड्रायव्हर नको म्हणत होता, पण कोमलच थांबायला तयार नव्हती. मॅडमनी तिला माझ्या स्कूटीवर बसवलं आणि मला म्हणाल्या, "जालन्याला. सरळ. मी थांबते हितं, कुणीतरी थांबलं पाह्यजे."

तो रस्ता मी कसा कापला, मला सांगता येणार नाही. खड्डा दिसला तर हळू करते असं मी पटांगणात सांगितलं होतं, त्या दिवशी ते खोटं ठरलं. कोमल माझी ओढणी मुठीत धरून बसली होती. केंद्राचं फाटक लावायला शिपाई निघाला होता तेव्हा ती आत शिरली. हे सांगायला पाहिजे की त्या परीक्षेतून तिला नोकरी मिळाली नाही. पण पेपर तिनं दिला. मॅडमनी पुढं आठवडाभर मला विचारलं, वेळेत पोचली ना नक्की? मी हो म्हणायचे, आणि त्या दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायच्या.

पूल त्याच दिवशी दगड लावून बंद झाला. पुढच्या पुरात मधला खांब बसला आणि पुलाचा तुकडा नदीत गेला. त्या वेळी पुलावर कुणी नव्हतं. गावातल्या एकानं त्याचा व्हिडिओ मॅडमना पाठवला. त्यांनी तो एकदा बघितला आणि पुसून टाकला. "ह्यात गाडी न्हाई," एवढंच म्हणाल्या.

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण पुलासोबत लिंबखेड्याची गाडीही बंद झाली. पलीकडं अडकलेली गाडी पाणी आटल्यावर ट्रॅक्टरनं ओढून पात्रातून अलीकडं काढावी लागली होती. नवा पूल व्हायला वेळ लागणार हे उघड होतं. पोरी शाळेत कशा जाणार, म्हातारी माणसं दवाखान्यात कशी जाणार? आम्ही पुढं एकदा लांबून फिरून पलीकडं गेलो, तर पारावर बसलेल्यांपैकी एकजण मोठ्यानं म्हणाला, "ह्याच बाईनं गाडी थांबवली. तवापासून थांबली ती थांबली."

मला राग आला. मी काहीतरी बोलणार होते. मॅडमनी माझा हात दाबला.

"बराबर हाये," त्या म्हणाल्या. "मी थांबवली. आता मीच आणते."

मागच्या बाजूनं, वावरांमधून, एक लांबचा रस्ता होता. तो फिरून मोठ्या सडकेला मिळायचा. बैलगाड्या आणि ट्रॅक्टर त्यावरून जायचे. मॅडम डेपोत गेल्या. तिथले साहेब सभ्य होते. त्यांनी चहा पाजला आणि म्हणाले, "गाडी सोडायला आमची ना न्हाई, मॅडम. पण वाटेत अडकली तर प्रवाशांचं काय? रस्ता गाडीजोगा पाह्यजे." बोलणं रास्त होतं.

मग आमचे रविवार बदलले. ज्या रस्त्यावर गाडीच नव्हती त्या रस्त्याचे व्हिडिओ मॅडम काढायला लागल्या. मी हळूहळू स्कूटी चालवायचे आणि त्या पुढं पायी. खाली आलेल्या फांद्या गावातल्या पोरांकडून तोडून घेतल्या. खड्ड्यांत मुरूम टाकायला ट्रॅक्टरवाल्यांना गाठलं. पुलावरचा तो ड्रायव्हर आपल्या सुटीच्या दिवशी स्वतः आला आणि मॅडमबरोबर सगळा रस्ता चालला. वळणावळणावर हातात स्टिअरिंग धरल्यासारखे हात फिरवून बघायचा. शेवटी एका ठिकाणी थांबला.

"बाकी सगळं बसतं. हे वळण बसत न्हाई. ह्या बांधाचा कोपरा गेला तरच गाडी फिरन."

बांध होता तात्यांचा. तात्या म्हणजे गावातले जुने जमीनदार शेतकरी, पिढ्यान्‌पिढ्या तिथलेच. आवाज खणखणीत, बोलणं थोडं.

"बापजाद्याचा बांध हाये. इंचभर न्हाई सरकायचा," ते म्हणाले. विषय संपला.

मॅडमनी हुज्जत घातली नाही. पुढच्या रविवारी त्या बांधासमोर स्टूल टाकून बसल्या, तोंड वळणाकडं. स्टँड लावला, फोनवर छत्री धरली. दुपारी तात्या आले.

"काय बघून राह्यल्या, मॅडम?"

"गाडी."

"हितं कुठं हाये गाडी?"

"येईल."

तात्या निघून गेले. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा तेच. मला ऊन लागायचं, कंटाळा यायचा, कधी कधी लाजही वाटायची. मॅडम मात्र वर्गावर पर्यवेक्षण करावं तशा निश्चल. वावरात सोयाबीन निघालं, हरभरा पेरला गेला, आणि आम्ही रिकामं वळण बघत बसलेलो. तात्या हाकलून द्यायचे नाहीत, कारण आम्ही रस्त्यावर होतो. पण येता-जाता त्यांना ते खुपायला लागलं होतं, हे दिसत होतं.

एका रविवारी तात्यांच्या बायकोनं चहा आणला. गाव त्यांना मावशी म्हणायचं, मॅडमही म्हणायला लागल्या. पुढच्या खेपेला त्या चहा देऊन तिथंच बांधावर टेकल्या.

"गाडी खरंच इन का हितून?"

"ड्रायव्हर म्हणला, हा कोपरा गेला की येती."

मावशी वळणाकडं बघत राहिल्या. "माझं माहेर जाफराबादच्या पल्याड. पहिले मी माझी गाडीत बसून जायची. आता ह्यांना म्हणावं लागतं, न्या म्हणून. हे म्हणतेत, फवारणी होऊ द्या. मंग म्हणतेत, काढणी होऊ द्या. भाऊ आजारी हाये तर त्याला बघून न्हाई आले मी अजून."

मावशी उठल्या आणि गेल्या. मला वाटलं, झालं, संपलं. पण त्या परत आल्या त्या कुदळ घेऊनच. पदर कमरेला खोचला आणि बांधाच्या कोपऱ्यावर पहिला घाव घातला.

आवाज ऐकून तात्या वावरातून पळत आले. "अगं ए! काय लावलंय हे?"

मावशींनी थांबून श्वास घेतला. "कोपरा काढून राह्यले."

"कुणाला विचारून?"

"लग्न होऊन आले तवापासून ह्या बांधाचं गवत मी काढती. कुणाला विचारून काढती?" आणि दुसरा घाव घातला.

तात्या उभेच. मॅडमकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. आम्ही दोघी वळणाकडं बघत होतो. कुदळ मावशींना झेपत नव्हती, दगड निघत नव्हता. तरी त्या घाव घालतच होत्या. शेवटी तात्यांनी पुढं होऊन कुदळ त्यांच्या हातातून काढून घेतली. मला वाटलं, फेकून देतील. त्यांनी ती वर उचलली आणि स्वतः खणायला लागले, रागारागानं, कुणाकडं न बघता. मॅडमनी शर्टाच्या बाह्या सारल्या आणि सुटलेले दगड उचलून बाजूला नेऊन टाकायला लागल्या. मग मीही उठले.

डेपोतले साहेब येऊन रस्ता बघून गेले. गाडी सुरू झाली तो दिवस रविवारच होता. ड्रायव्हर तोच. अख्खं गाव वळणावर जमलं होतं, आणि ज्यांनी मॅडमना नावं ठेवली होती तेच पुढं उभे होते. गाडी आली, वळणावर मंदावली, तिचं मागचं टोक तात्यांच्या तोडलेल्या बांधाच्या अगदी जवळून गेलं आणि ती फिरली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, ड्रायव्हरनं हॉर्नही वाजवला. या वेळी मॅडम नाराज झाल्या नाहीत.

मावशी नवं लुगडं नेसून आधीच रस्त्यावर उभ्या होत्या, हातात पिशवी. गाडी थांबली, त्या चढल्या आणि खिडकीजवळ जागा धरून बसल्या. तात्यांना हे माहीतच नव्हतं. ते गर्दीतून वाट काढत खिडकीपाशी आले.

"कुठं निघाली?"

"भावाकडं."

"अगं, सांगायचं तरी! परत कवा येशील?"

मावशींनी पिशवी मांडीवर नीट ठेवली आणि समोर रस्त्याकडं बघत म्हणाल्या, "गाडी हाये आता. येईन मला वाटंन तवा."

कंडक्टरनं घंटी दिली.